शंकासमाधान: विद्यापीठातले डेटा सायन्स

डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांचे विद्यापीठीय शिक्षण व संशोधन यांबद्दल प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केले होते. प्रवेशाचा हंगाम असल्याने आलेल्या पत्रांत पालकांची पत्रे सर्वाधिक आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ‘किती पॅकेज मिळेल’ एवढेच विचारणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर चार वर्षे आधी कोणालाच देता येत नाही.

प्रश्न: मुलीला सीईटीत बरे गुण मिळाले आहेत. घराजवळच्या महाविद्यालयात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स’ ही शाखा मिळते आहे, तर लांबच्या पण जुन्या महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी. नातेवाईक ‘एआयडीएसच घ्या’ म्हणतात. तिला स्वतःला गणित आवडते आणि ती बी.एस्सी. संख्याशास्त्राचाही विचार करते आहे. काय करावे?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर: शाखेच्या नावाकडे थोडा वेळ दुर्लक्ष करावे आणि दोन्ही महाविद्यालयांत जाऊन एकच चौकशी करावी: संभाव्यता, संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित हे विषय तिथे कोण शिकवते? हे विषय अनुभवी प्राध्यापकांकडे असतील, तर शाखेचे नाव काहीही असो, मुलगी योग्य ठिकाणी जाते आहे. ‘ते दर सत्रात बदलतात’ किंवा ‘व्हिजिटिंग येतात’ असे उत्तर मिळाले, तर प्रवेशद्वारावरच्या फलकावर काय लिहिले आहे याला फारसा अर्थ उरत नाही. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष सर्व शाखांना जवळजवळ सारखेच असते, तर संगणक आणि एआयडीएस या शाखांमधला खरा फरक तिसऱ्या वर्षापासून पुढच्या ऐच्छिक विषयांत दिसतो. जुन्या शाखेतही मशीन लर्निंग (माहितीवरून संगणकाला शिकवण्याचा विषय) घेता येते. नव्या शाखेत मात्र ऑपरेटिंग सिस्टिम किंवा अल्गोरिदम यांचा पाया कुठे पातळ झालेला नाही ना, हे अभ्यासक्रमाची प्रत मागून पाहावे.

पदव्युत्तर अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२४ पासून ‘डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ ही स्वतंत्र प्रश्नपत्रिका सुरू झाली. तिच्या अभ्यासक्रमातले पहिले तीन घटक संभाव्यता व संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित आणि कलन व इष्टतमीकरण हे आहेत. प्रोग्रामिंग, डेटाबेस, मशीन लर्निंग आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्यांच्या मागून येतात. देशातल्या संस्था पदव्युत्तर विद्यार्थी कशाच्या आधारावर निवडू पाहतात, हे त्या क्रमातून पुरेसे कळते.

म्हणूनच मुलीचा बी.एस्सी. संख्याशास्त्राचा विचार हसण्यावारी नेऊ नये. तीन किंवा चार वर्षे संख्याशास्त्र नीट केलेल्या विद्यार्थ्याला प्रोग्रामिंग पुढे शिकता येते. उलट प्रवास, म्हणजे कोड लिहिता येणाऱ्याने नंतर अनुमानशास्त्र (नमुन्यावरून निष्कर्ष काढण्याचे शास्त्र) शिकणे, बहुतेकांना जड जातो आणि बरेच जण तो अर्ध्यावर सोडतात. पदवीनंतर जॅम परीक्षेतून गणिती संख्याशास्त्र घेऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाण्याची वाट आहे आणि गेटचा दरवाजा विज्ञान पदवीधरांनाही उघडा आहे. लोकलचा रोजचा प्रवास मात्र हिशेबात धरावा. डोंबिवलीहून रोज दीड-दोन तास उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलीला संध्याकाळी गणित सोडवण्याची ताकद उरत नाही. दोन्ही महाविद्यालये अध्यापनात तुल्य वाटली, तर जवळचे घ्यावे.

प्रश्न: आमच्या गटाने मिनी प्रोजेक्टमध्ये मुंबईच्या अतिवृष्टीचा अंदाज वर्तवणारे मॉडेल केले. अचूकता सुमारे ९७ टक्के आली आणि गाइडही खूश होते. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, ‘टेस्टमधल्या दिवसाच्या आदल्या आणि नंतरच्या दिवसाची नोंद ट्रेनिंगमध्ये होती का?’ आम्ही ‘हो’ म्हणालो, तर त्यांनी निम्मे गुण कापले. आमचे चुकले काय?
— तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, विरार

उत्तर: परीक्षकांनी गुण कापले ते योग्यच केले. कारण मात्र समजावून सांगायला हवे होते, तेव्हा ते येथे सविस्तर देतो.

तुम्ही बहुधा सायकिट-लर्न या पायथनमधल्या मशीन लर्निंगच्या संचातले ‘ट्रेन-टेस्ट स्प्लिट’ वापरले असणार. वेगळी सूचना दिली नाही, तर ते सगळ्या ओळी पिसून मग त्यांची शिकवण्यासाठी (ट्रेनिंग) आणि तपासण्यासाठी (टेस्ट) वाटणी करते. परिणामी १२ जुलै टेस्टमध्ये आणि ११ व १३ जुलै ट्रेनिंगमध्ये, असे होते. हवेचा दाब, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी एका रात्रीत पालटत नाहीत, त्यामुळे १२ तारखेची ओळ तिच्या दोन्ही शेजारणींसारखीच दिसते. मॉडेल पावसाचे शास्त्र न शिकता शेजार ओळखायला शिकते. प्रत्यक्षात ११ तारखेच्या संध्याकाळी अंदाज सांगायचा असतो, तेव्हा १३ तारीख उजाडलेली नसते. याला डेटा लीकेज म्हणतात आणि प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांतही ते अनेकदा सापडते.

उपाय सोपा आहे. वाटणी काळानुसार करावी. उदाहरणार्थ, २०१५ पर्यंतची वर्षे शिकवण्यासाठी, त्यापुढची तीन वर्षे मॉडेलची निवड करण्यासाठी आणि नंतरची वर्षे अखेरच्या चाचणीसाठी ठेवावीत. ही चाचणी एकदाच घ्यावी. निकाल आवडला नाही म्हणून मॉडेल बदलून पुन्हा त्याच वर्षांवर तपासले, की ती वर्षेही शिकवणीचाच भाग होतात. स्केलिंगसाठी, म्हणजे वेगवेगळी मापे एका पट्टीवर आणण्यासाठी, लागणारी सरासरी आणि प्रमाण विचलनसुद्धा फक्त ट्रेनिंगच्या वर्षांवरून काढावे. शिवाय, आजच्या पावसाचा अंदाज देताना आजचीच सरासरी आर्द्रता मॉडेलला दिली नव्हती ना, हे तपासावे. दिवसाची सरासरी दिवस संपल्यावरच कळते.

आता ९७ टक्क्यांकडे येऊ. समजा तुमच्या चाचणीत १,००० दिवस आहेत आणि त्यांपैकी २० दिवस अतिवृष्टीचे आहेत. रोज डोळे मिटून ‘अतिवृष्टी नाही’ म्हणणारा माणूस ९८० वेळा बरोबर ठरतो, म्हणजे त्याची अचूकता ९८ टक्के होते. तुमच्या मॉडेलने २० पैकी ५ दिवस पकडले, १५ सोडले आणि १० दिवशी खोटा इशारा दिला असे धरले, तर एकूण २५ चुका होऊन अचूकता ९७.५ टक्के येते. आकडा त्या माणसापेक्षा कमी आहे, पण उपयोग जास्त आहे, कारण त्याने एकदाही इशारा दिला नाही आणि तुम्ही पाच वेळा खरा इशारा दिलात. म्हणून अशा प्रश्नात अचूकता हा आकडा मथळ्यात घालू नये. अतिवृष्टीच्या किती दिवसांपैकी किती पकडले आणि दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती खरे निघाले, हे दोन आकडे द्यावेत. वरच्या उदाहरणात ते २० पैकी ५ आणि १५ पैकी ५ असे आहेत. त्यांच्या शेजारी ‘काल होते तेच आज’ असे म्हणणाऱ्या अगदी साध्या अंदाजाचे आकडेही लिहावेत. पावसाळ्यात हा साधा अंदाज भल्याभल्या मॉडेलांना दमवतो.

शेवटची गोष्ट फाइलची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्या फाइलमध्ये कोणत्या तारखेला आहे, ते उघडून पाहा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचे आहेत, त्यामुळे खात्याच्या नोंदीत ते २७ तारखेला येऊ शकतात. वाऱ्याची किंवा भरतीची माहिती तुम्ही मध्यरात्र ते मध्यरात्र अशा दुसऱ्या स्रोतातून घेऊन तारखेवरून जोडली असेल, तर प्रत्येक ओळीत दोन वेगळे दिवस एकत्र बसले आहेत. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला साधारण ७४ मिलिमीटर पाऊस झाला. दोन वेधशाळांमध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे आणि पावसात फरक बारापटीहून अधिक! मग ‘मुंबईचा पाऊस’ म्हणून तुम्ही नेमका कुठला आकडा घेतला, हे अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवे. हवामान खात्याच्या व्याख्येत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’ पाऊस सुरू होतो आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढचा पाऊस ‘अत्यंत जोरदार’ ठरतो. ‘अतिवृष्टी’ म्हणताना तुम्ही यांपैकी कोणती मर्यादा धरली, हेही तिथेच लिहावे.

विषय बदलू नका. ही सगळी दुरुस्ती करून पुढच्या वर्षी हाच विषय बी.ई. प्रोजेक्टसाठी घ्या. आकडा ९७ वरून खाली येईल आणि काम मात्र पहिल्यांदाच खरे होईल.

प्रश्न: हे सारे शास्त्र अमेरिकेतून आयात झालेले दिसते. मुंबईत किंवा महाराष्ट्रात या विषयाचे मूळचे काही काम झाले आहे का?
— निवृत्त बँक अधिकारी, गिरगाव

उत्तर: झाले आहे, आणि त्यातले एक नाव आपल्या चांगल्या परिचयाचे असेल. इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना १९४३ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. यादृच्छिकपणे बदलत जाणारी राशी परस्परांशी सहसंबंध नसलेल्या घटकांत कशी विभागता येते, हे त्यात मांडले होते. हाच सिद्धांत कारहुनेन आणि लोएव्ह यांनी त्यानंतर स्वतंत्रपणे मांडला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो बहुधा त्या दोघांच्याच नावाने येतो, तरी जाणकार आता त्यात कोसंबींचे नाव जोडतात. एआयडीएसचे विद्यार्थी अनेक स्तंभांतली माहिती मोजक्या घटकांत आणण्याची जी पद्धत ‘पीसीए’ या नावाने पाठ करतात, ती याच कल्पनेची सख्खी बहीण आहे. १९४५ मध्ये कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि पुढची सतरा वर्षे तिथे होते.

याच संस्थेत भारतीय अभियंत्यांनी उभारलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याच्या उभारणीचे नेतृत्व करणारे आर. नरसिंहन यांनी साठच्या दशकात चित्रांचे वर्णन व्याकरणासारख्या नियमांनी करता येईल का, यावर संशोधन केले. आज ज्याला इंटेलिजंट सिस्टिम्स म्हणतात, त्याच घरातले ते काम होते. पुढे १९८६ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच्या केंद्रांपैकी एक जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था होती. ती नंतर सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत विलीन झाली.

पवईच्या आयआयटीत भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र २००० च्या सुमारास उभे राहिले. त्याच संस्थेतल्या सुनीता सरावगी यांना डेटाबेस, डेटा मायनिंग आणि मशीन लर्निंग यांतल्या संशोधनासाठी २०१९ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. एक संस्था मात्र अशा यादीत कोणी घेत नाही. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा वाहते आहे. लाखो घरांत माणसे पाठवायची, एकच प्रश्न सगळीकडे एकाच अर्थाने विचारला जाईल हे पाहायचे आणि मिळालेले उत्तर भारांकन करून (ते किती लोकांच्या वतीने आहे हे हिशेबात धरून) साऱ्या देशाला लागू करायचे, या कामाला झगमगाट नाही. तरीही डेटा सायन्सच्या विद्यार्थ्याने मुंबईत एखादी संस्था आतून पाहायची असेल, तर मी त्याला आधी देवनारला पाठवीन.

आयात झाली आहे ती गेल्या दशकातल्या प्रचंड मॉडेलांची आणि ती चालवणाऱ्या यंत्रांची. तिथे आपण मागे आहोत, हे आपले म्हणणे मान्य आहे.

प्रश्न: मी पदवी महाविद्यालयात डेटा सायन्स शिकवते. मुले चॅटबॉटकडून कोड लिहून घेतात, जर्नल पूर्ण करतात, कोड चालतोही. पण एका ओळीचा अर्थ विचारला तर गप्प बसतात. बंदी घालावी का? मूल्यमापन कसे करावे?
— प्राध्यापिका, कल्याण

उत्तर: बंदी घालून ती अमलात आणता येणार नाही आणि न पाळता येणारा नियम केल्याने बाकीच्या नियमांचीही पत जाते. आपण देत असलेली कामे बदलावीत, असे सुचवतो.

आपल्याकडच्या प्रयोगांच्या यादीत वर्षानुवर्षे त्याच फाइली असतात. आयरिस फुलांची फाइल १९३६ ची, १५० फुलांची आहे. टायटॅनिकच्या प्रवाशांची फाइल तर चॅटबॉटला तोंडपाठ आहे. बोस्टनच्या घरांच्या किमतींची फाइल अजून काही ठिकाणी चालते. वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून बेतलेला एक स्तंभ तिच्यात आहे आणि त्या कारणाने सायकिट-लर्नने ती आवृत्ती १.२ पासून काढून टाकली. ती फाइल वापरायची असेल, तर तो स्तंभ कोणी, कशासाठी आणि काय गृहीत धरून तयार केला, या चर्चेसाठीच वापरावी.

त्याऐवजी मुलांना स्वतः मोजायला लावावे. कल्याण स्थानक हाताशी आहे. एका आठवड्यात ठरावीक वेळी, ठरावीक फलाटावर लोकल किती उशिरा येतात, याची नोंद प्रत्येक विद्यार्थ्याने करायची आणि एकाच गाडीची नोंद किमान तिघांनी करायची. वर्गात तक्ते जुळवले की आकडे जुळत नाहीत. एकाने पहिला डबा फलाटात शिरला ती वेळ लिहिलेली असते, दुसऱ्याने गाडी थांबल्याची आणि तिसऱ्याच्या घड्याळातच दोन मिनिटांचा फरक असतो. रद्द झालेली गाडी कोणी ‘शून्य उशीर’ लिहितो, कोणी ओळच गाळतो आणि त्यावरून सरासरी कुठल्या कुठे जाते. ‘आगमन’ म्हणजे काय याची व्याख्या मग मुलेच फळ्यावर लिहितात आणि मोजणी पुन्हा करायला तयार होतात. पुढचे विश्लेषण त्यांनी चॅटबॉटच्या मदतीने केले तरी बिघडत नाही, कारण त्या फाइलमधली प्रत्येक रिकामी जागा का रिकामी आहे, हे त्यांना सांगावेच लागते.

गुणांची विभागणीही त्याप्रमाणे असावी. जर्नलला थोडे गुण आणि तोंडी परीक्षेला अधिक. तोंडी परीक्षेत कोडचा अर्थ विचारण्याऐवजी त्यात एक बदल करायला सांगावा: हा स्तंभ काढला तर निकाल कुठल्या बाजूला सरकेल, ते आधी सांग आणि मग चालवून दाखव. साठ-साठ मुलांच्या बॅचला हे जमवणे कष्टाचे आहे, याची कल्पना आहे. सर्वांची दर आठवड्याला परीक्षा घेण्याऐवजी दर वेळी चिठ्ठी टाकून काही जणांना बोलावले, तरी वर्ग तयारीत राहतो.

प्रश्न: ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी करतो. नोकरी सांभाळून या विषयात पीएच.डी. करायची आहे. एका सल्लागाराने ‘पैसे भरा, दोन पेपर छापून देतो’ असे सांगितले. हा मार्ग कसा आहे?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: त्या सल्लागाराला नमस्कार करून बाजूला व्हावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही. विद्यापीठ स्वतःची अट घालू शकते, पण विकत घेतलेल्या निबंधाने ती पूर्ण होते असे समजू नये. आयोगाने आपली ‘केअर’ ही नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद केली आहे. तेव्हा ‘केअर लिस्टेड’ हे शब्द दाखवून कोणी पैसे मागत असेल, तर तो शिळा माल विकतो आहे.

याच नियमावलीनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते. त्यासाठी कंपनीचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, किमान मुदत तीन वर्षांची आणि सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षांची असते. किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क आहे आणि ते टाळता येत नाही. नेट, गेट किंवा विद्यापीठाची स्वतःची ‘पेट’ ही पीएच.डी. प्रवेश परीक्षा यांपैकी काय चालते, ते त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहावे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे अडचण बहुधा परीक्षेची नसते, मार्गदर्शकाकडे जागा आहे की नाही याची असते.

मार्गदर्शकाला पत्र लिहिताना ‘मला डीप लर्निंगमध्ये रस आहे’ असे लिहू नये. तो सर्वांनाच असतो. त्यांचे अलीकडचे दोन निबंध वाचावेत आणि त्यांतली एखादी मर्यादा आपल्या नोकरीतल्या अनुभवाशी जोडावी. उदाहरणार्थ, कंपनीत वर्षभरापूर्वी बसवलेले मॉडेल ग्राहकांचे वागणे बदलल्याने हळूहळू का बिघडते आणि ते वेळीच कसे ओळखावे, हा अस्सल संशोधनप्रश्न आहे आणि नोकरदार माणसाला तो विद्यार्थ्यापेक्षा जवळून दिसतो. मात्र कंपनीचा डेटा प्रबंधात वापरता येईल का, हे पहिल्याच महिन्यात लेखी विचारावे. या एका परवानगीअभावी कामे अडकून पडतात.

प्रश्न: आमच्या रुग्णालयातल्या क्ष-किरण चित्रांवर एका महाविद्यालयाला संशोधन करायचे आहे. रुग्णांची नावे काढून चित्रे दिली तर पुरेसे आहे का?
— एक डॉक्टर, परळ

उत्तर: नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे. मात्र त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानके पाळली जावीत, या अटी तिला आहेत. कायद्याने सवलत दिली तरी रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी वेगळी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२३ मध्येच वैद्यकीय क्षेत्रातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, ती समितीपुढे ठेवावीत. नाव काढल्याने ओळख पुसली जात नाही. अमेरिकेत लतान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवले की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड या तीनच गोष्टींवरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. चित्राच्या कोपऱ्यात छापलेला केसपेपर क्रमांकही पाहावा. तो हमखास राहून जातो. आणि एकाच रुग्णाची दोन चित्रे ट्रेनिंग व टेस्ट अशी विभागली जाणार नाहीत, असे महाविद्यालयाकडून लिहून घ्यावे. तसे झाले तर मॉडेल आजार न ओळखता माणूस ओळखते. विरारच्या विद्यार्थिनीला वर सांगितलेला दोषच इथे दुसऱ्या वेषात येतो.

प्रश्न: मी मराठीत एम.ए. केले आहे. या क्षेत्रात मराठीसाठी काही संशोधन होते का आणि माझ्यासारखीला त्यात जागा आहे का?
— एक वाचक, दादर

उत्तर: दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आहे. आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेटचे, म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध नोंदवणाऱ्या कोशाचे, काम झाले आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने मराठीसाठी मोठा वाक्यसंग्रह आणि मॉडेले खुली केली आहेत. भारतीय भाषांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतजेन’ या उपक्रमाचे नेतृत्वही आयआयटी मुंबईकडे आहे.

अडचण आपल्या भाषेच्या घडणीत आहे. ‘घरासमोरच्या’ हा एक शब्द घ्या. मूळ शब्द ‘घर’, त्याचे सामान्यरूप ‘घरा’, त्याला ‘समोर’ हे शब्दयोगी अव्यय आणि वर ‘च्या’ हा प्रत्यय. संगणकाच्या नेहमीच्या युनिकोड साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून या शब्दाचे ३३ बाइट होतात. इंग्रजीवर पोसलेले मॉडेल त्याचे तुकडे भलत्याच ठिकाणी पाडते, शब्दागणिक अधिक तुकडे खर्च करते आणि तुकड्यांच्या हिशेबाने तेवढ्याच मजकुराला अधिक पैसे लागतात. तुकडे कुठे पाडावेत, हे व्याकरण जाणणारा माणूस सांगू शकतो.

आपली खरी गरज मात्र वाक्यांवर त्यांच्या अर्थाच्या खुणा नोंदवण्याच्या कामात आहे. एलथ्रीक्यूबच्या एका संचात सुमारे १६,००० मराठी ट्वीट सकारात्मक, नकारात्मक की तटस्थ अशी वर्गवारी करून दिलेली आहेत. असे काम करताना ‘वा, काय वेळेवर आली गाडी!’ या वाक्यापाशी दोन वाचकांचे मतभेद होतात. अशा ठिकाणी काय करायचे, याची लेखी नियमावली लागते. दोन वाचकांचे एकमत योगायोगापेक्षा किती अधिक आहे, हे कोहेन यांच्या कापा या मापाने तपासतात. कापा कमी आला तर दोष बहुधा वाचकांचा नसतो, नियमावलीचा असतो. उपरोध, बोलीतले शब्द, सरकारी मराठीतले आडवळण यांसाठी नियम लिहिणे हे एम.ए. झालेल्या व्यक्तीचे काम आहे आणि ते अभियंत्यांना एकट्याने जमलेले नाही. विद्यापीठांनी या कामाला भाषातज्ज्ञाच्या दर्जाचे मानधन द्यायला हवे. सध्या ते पुष्कळदा टंकलेखनाच्या दराने करून घेतले जाते, याबद्दल आपण सुरुवातीलाच स्पष्ट बोलून घ्यावे. पायथनचा प्राथमिक परिचय करून घ्या. फाइल उघडणे, शब्द मोजणे आणि शोधणे एवढे आले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न: बारावी झाली. डेटा सायन्ससाठी ग्राफिक्स कार्ड असलेला महागडा लॅपटॉप घ्यावा का?
— एक विद्यार्थी, चेंबूर

उत्तर: पहिली दोन वर्षे तरी घेऊ नये. पदवीच्या पातळीवरच्या बहुतेक फाइली साध्या लॅपटॉपवर चालतात आणि जिथे ग्राफिक्स प्रोसेसर लागतोच, तिथे गूगल कोलॅब किंवा कॅगल यांवर तो काही तास विनामूल्य मिळतो. रॅम शक्यतो १६ जीबी असावी आणि बॅटरी दिवसभर टिकणारी असावी, कारण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चार्जिंगसाठी रिकामा प्लग मिळेलच असे नाही.